अंगठा हमखास राहतो

परभणीच्या सरकारी दवाखान्यात अडीच किलोहून कमी वजनाचं बाळ काचेच्या पेटीत असलं, की आजी विचारते, "गुटी कधी द्यायची?" द्यायचीच नाही! जुलाब लावणारा रोटाव्हायरस शीतून हातावर, हातावरून गुटीच्या वाटी-चमच्यावर आणि तिथून बाळाच्या पोटात जातो. भांड्यावर, कठड्यावर तो कित्येक दिवस तग धरतो. म्हणून आईचंच दूध, प्रत्येक बाळाची वेगळी वाटी, आणि लंगोट बदलल्यावर साबणाने हात, नखं-अंगठ्यासकट.

गंमत म्हणजे, १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडलेल्या, पण त्यांना आजारी न पाडणाऱ्या रोटाव्हायरसपासूनच 'रोटाव्हॅक' लस बनली. चाचणीत पुण्याजवळचं वढूही होतं. महाराष्ट्रात २०१९पासून रोटाव्हायरसची लस मोफत मिळते: ६, १० आणि १४व्या आठवड्यात. कमी वजनाचं बाळ स्थिर असेल, तर वजन वाढायची वाट पाहू नये.