नाताळचे अभंग : मराठवाड्यातील चर्च व मराठी भजन

परभणी जिल्हा ही संतकवींची भूमी. जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यात असून, नामदेवांचे नरसी हे गावही १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच मोडत असे. त्यामुळे मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये नाताळच्या रात्री पेटी, तबला व टाळ यांच्या साथीने अभंग ऐकू आला, तर नवल वाटण्याचे कारण नाही. मात्र हा अभंग तेथवर पोहोचला कसा, हे जाणून घेण्यासारखे आहे.

परभणीहून लोहमार्गाने सेलू, परतूर ओलांडून जालन्यास जाता येते. (परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता.) जालन्यानजीकची बेथेल ही वस्ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसविली. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या शेषाद्रींनी १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. वस्तीसाठी जमीन मिळाली ती हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून. जन्माने ब्राह्मण असलेल्या धर्मोपदेशकाने मुसलमान दिवाणाकडून जमीन मिळवून दलित कुटुंबांसाठी गाव वसवावे, ही घटना मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जावयास हवी होती.

येथे आलेली कुटुंबे मुख्यत्वे मातंग समाजातील होती. हलगी व सनई वाजविणे हे या समाजाचे गावकीतील परंपरागत काम. लग्न असो वा देवाची पालखी, वाजंत्री त्यांचीच. देवळाच्या उंबरठ्याच्या आत मात्र त्यांना प्रवेश नसे. ज्यांच्या घरी ताल-सूर पिढ्यान्पिढ्या नांदत होता, त्यांनी प्रार्थनामंदिरात बसून गावयाचे ते कोणत्या चालीवर, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नव्हता.

मिशनऱ्यांनी आरंभी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे मूळ चालींवर बसविली. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठी पद्य अक्षरसंख्येवर, मात्रांवर किंवा लघुगुरूंवर. परिणामी ऱ्हस्व अक्षर ताणावे आणि दीर्घ अक्षर गिळावे लागे. अभंगात ही ओढाताण नाही. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, चार अक्षरांचा चौथा आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक, एवढ्या आधारावर निरक्षर माणूसही दोन आवर्तनांत गीत उचलतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) परिसरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. पुढे १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाला उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांची कितीतरी पदे ‘उपासना संगीत’ या ग्रंथात समाविष्ट असून ती आजही गाइली जातात.

नाताळच्या कीर्तनाची मांडणीही ओळखीचीच असते. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यानाचा विषय तेवढा बेथलेहेमचा गोठा व मेंढपाळांची जागरणाची रात्र. चाल परिचयाची असल्याने शेजारच्या भजनी मंडळातील तबलजीलाही विनासायास साथीस बसता येते. चार गावच्या लोकांना एकत्र बसविण्याचे हे सामर्थ्य भाषांतरित स्तोत्रांत नाही.

छापील ग्रंथात आलेली गीते टिकतात. गावोगावच्या कीर्तनकारांची आख्याने मात्र जुन्या वह्यांत आणि वृद्धांच्या पाठांतरात असतात. ती तेथेच राहिली तर एका पिढीत नाहीशी होतील. शाळेतील शिक्षकांना व ग्रामपंचायतीच्या सदस्यांना ती सहज टिपून घेता येतील. ध्वनिमुद्रण आता भ्रमणध्वनीवरही होते. त्यासोबत गीताचे शब्द, चाल, रचनाकार व गाव एवढी नोंद असली की पुरे.