सोफेर
सोफेर : ज्यू धर्मीयांची पवित्र लेखने विधिपूर्वक हाताने लिहिणारा लेखनिक. ‘सोफेर’ या हिब्रू शब्दाचा अर्थ लेखनिक असा असून बायबलमधील एझ्रा यास हे बिरुद लावलेले आढळते. तोराची गुंडाळी (सेफेर तोरा), प्रार्थनेच्या वेळी बाहू व मस्तक यांवर बांधावयाच्या पेट्यांतील चर्मपत्रे (तेफिलिन) आणि दाराच्या चौकटीवर लावावयाचे चर्मपत्र (मेझुझा) यांच्या हिब्रू आद्याक्षरांपासून ‘स्ताम’ हे संक्षिप्त रूप बनले. त्यावरून अशा लेखनिकास ‘सोफेर स्ताम’ म्हणतात.

साहित्य : आहारास विहित अशा पशूच्या कातड्यापासून केलेले चर्मपत्र यासाठी लागते. शाई सामान्यतः मायफळ, हिराकस व डिंक यांपासून करतात. लेखणी पिसाची वा बोरूची असते. चर्मपत्रावर अणकुचीदार साधनाने शाईविना रेषा आखून अक्षरे त्या रेषांखाली लटकल्यासारखी लिहितात. सात अक्षरांवर प्रत्येकी तीन बारीक शिरोभूषणे (तागिन) काढावी लागतात.

नियम : लेखन स्मरणावर विसंबून करता येत नाही, प्रमाण प्रत समोर ठेवून प्रत्येक शब्द आधी उच्चारावा लागतो. तोरात ३,०४,८०५ अक्षरे असून त्यांतील एक जरी गळले, तुटले वा शेजारच्या अक्षरास चिकटले, तरी दुरुस्तीपर्यंत ती गुंडाळी वाचनास अपात्र ठरते. अक्षराच्या आकाराबद्दल शंका आल्यास अक्षरओळख असलेल्या, पण मजकूर न समजणाऱ्या बालकास ते दाखवितात व त्याचे वाचन ग्राह्य धरतात. तोरातील चूक खरवडून सुधारता येते. ईश्वराचे नाम मात्र पुसता येत नाही. तेफिलिन व मेझुझा यांतील अक्षरे क्रमानेच लिहिलेली असावी लागतात. त्यामुळे मागे राहिलेले अक्षर नंतर घालता येत नाही. निरुपयोगी लेखने नष्ट न करता ‘गनिझा’त ठेवतात किंवा पुरतात.

शिक्षण : अक्षरवळणाइतकेच धर्मनियमांचे ज्ञान आवश्यक असल्याने ही विद्या मुख्यतः गुरुमुखातून शिकली जाते. सदोष लेखन बाहेरून निर्दोष दिसू शकते आणि वापरणाऱ्यास ते कळत नाही. म्हणून सोफेरच्या सचोटीवर सर्व भिस्त असते. श्लोमो गान्झफ्रीड यांचा केसेत हा-सोफेर (१८३५) हा या विषयावरील प्रसिद्ध मार्गदर्शक ग्रंथ होय. अश्केनाझी व सेफार्दी परंपरांची अक्षरवळणे भिन्न आहेत. सनातनी परंपरेत हे लेखन पुरुषांपुरते मर्यादित आहे. तथापि २००७ मध्ये जेन टेलर फ्रीडमन या महिलेने संपूर्ण तोरा लिहून पूर्ण केली.

संगणकाच्या साहाय्याने आता गळलेली अक्षरे शोधली जातात. लेखन मात्र हातानेच करावे लागते. महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाच्या सिनेगॉगांतही अशा हस्तलिखित गुंडाळ्यांचेच वाचन होते.