सेमूर पेपर्ट आणि आज्ञाधारक कासव

१९२८ साली प्रिटोरियात जन्मलेले गणितज्ञ सेमूर पेपर्ट यांनी जिनीव्हात मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्या सान्निध्यात बालबुद्धीच्या विकासाचा अभ्यास केला. आणि संगणक ही जेव्हा मोठ्या प्रयोगशाळांची व कचेऱ्यांची मिरासदारी होती, त्या काळात, १९६७ साली, वॉली फॉयरझाइग व सिंथिया सोलोमन यांच्या सहकार्याने मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा निर्माण केली.

या भाषेत ‘शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ’ अशी आज्ञा चारदा दिली की पडद्यावरील कासव चौरस रेखाटते. आकृती फसलीच, तर आज्ञा कोठे चुकली याचा शोध मूल स्वतःच घेते, आणि या दुरुस्तीतच खरे अध्ययन घडते, हा पेपर्ट यांचा सिद्धान्त १९८० सालच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथात सविस्तर आला आहे.

हा विचार सेनेगल, कोस्टा रिका अशा देशांत रुजला आणि पुढे ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या उपक्रमाच्या द्वारे रायगड जिल्ह्यातील एका शाळेतही पोहोचला. २०१६ साली पेपर्ट निवर्तले. तथापि त्यांचे सहकारी मिचेल रेझनिक यांच्या गटाने सिद्ध केलेली ‘स्क्रॅच’ ही भाषा विनामूल्य उपलब्ध असून, जिज्ञासू पालकांनी ती मुलांच्या हाती अवश्य द्यावी.