दाबाच्या पाण्याचे यंत्र : मालकी, निगा आणि दुरुस्ती

खाणीतून परतलेला डंपर, चिखलाने माखलेला ट्रॅक्टर, कोंबड्यांची रिकामी केलेली शेड किंवा शेवाळाने काळवंडलेली फरशी स्वच्छ करावयाची तर केवळ पुष्कळ पाणी असून भागत नाही. त्या पाण्याला जोर असावा लागतो. हा जोर पुरविणाऱ्या यंत्रास प्रेशर वॉशर असे म्हणतात. १९५० साली जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांनी युरोपातील पहिले गरम पाण्याचे उच्चदाब धुलाईयंत्र तयार केले. पुढे थंड पाण्यावर चालणारी लहान यंत्रे आली व ती कारखान्यांतून घरांपर्यंत पोहोचली. भारतातील बागायतदारांना या यंत्राचे एक भावंड फार पूर्वीपासून परिचित आहे. द्राक्षाच्या किंवा सफरचंदाच्या बागेत औषध फवारणारा, तीन दट्ट्यांचा, ‘एचटीपी’ या नावाने ओळखला जाणारा पंप याच तत्त्वावर चालतो. मात्र त्याचा दाब बराच कमी असतो.

जेथे विजेची खात्री आहे तेथे विजेच्या मोटारीवर चालणारे यंत्र अधिक सोयीचे होय. त्याचा आवाज कमी असतो, धूर नसतो आणि निगाही थोडी लागते. परंतु रस्त्याचे बांधकाम, दगडखाण, दूरची बाग किंवा वीज वारंवार खंडित होणारे गाव अशा ठिकाणी पेट्रोल इंजिनाचे यंत्रच उपयोगी पडते. ते विकत घेणे म्हणजे वस्तुतः दोन यंत्रे विकत घेणे होय : एक इंजिन आणि दुसरा पंप. दोहोंची प्रकृती भिन्न असते, दोहोंचे आजारही भिन्न असतात. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळदा पंपाच्या दोषासाठी इंजिन उघडले जाते, आणि अवघ्या काही रुपयांच्या सीलऐवजी संपूर्ण पंप बदलला जातो.

दाब कोठून येतो?

पंप दाब निर्माण करतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. दट्ट्यांचा पंप इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यामागे पाण्याचे ठरावीक माप पुढे ढकलतो. त्याला वाहण्यास मोकळी वाट मिळाली तर दाब जवळजवळ शून्यच राहतो. दाब उत्पन्न होतो तो त्या पाण्याला अरुंद छिद्रातून जावे लागते म्हणून. हे छिद्र नॉझलमध्ये असते.

एक उदाहरण घेऊ. एक यंत्र मिनिटाला १० लिटर पाणी १५० बार दाबाने फेकते असे समजू. वातावरणाचा दाब सुमारे १ बार असतो. १५० बार हा समुद्रात सुमारे दीड किलोमीटर खोलीवर आढळणारा दाब होय. या दाबातून सुटलेल्या धारेचा वेग गणिताने सेकंदाला सुमारे १७३ मीटर, म्हणजे ताशी ६०० किलोमीटरहून अधिक येतो. एवढे पाणी एवढ्या वेगाने जाण्यास जे छिद्र लागते त्याचा व्यास जेमतेम १.१ मिलिमीटर भरतो. पाण्याला दिलेली शक्ती सुमारे अडीच किलोवॅट, म्हणजे साडेतीन अश्वशक्ती होते. घर्षणात जाणारा वाटा आणि थोडी राखीव शक्ती धरता अशा पंपाला साधारणतः पाच ते सहा अश्वशक्तीचे इंजिन जोडतात. भरभारावर असे इंजिन तासाला सुमारे दीड लिटर पेट्रोल घेते.

आता हेच छिद्र वाळूच्या कणांनी झिजून १.१ ऐवजी १.२ मिलिमीटर झाले अशी कल्पना करा. झीज केवळ एक दशांश मिलिमीटरची. पण तेवढ्याने दाब १५० वरून सुमारे १०५ बारवर उतरतो. ‘यंत्र म्हातारे झाले’ अशी तक्रार जेव्हा मालक करतो, तेव्हा पुष्कळदा म्हातारे झालेले असते ते केवळ नॉझल. यास्तव दाब उतरताच प्रथम नवे नॉझल लावून पाहावे. नॉझलांना रंगांच्या खुणा असतात : लाल म्हणजे सरळ सूईसारखी धार, पिवळी १५ अंशांची, हिरवी २५ अंशांची, पांढरी ४० अंशांची पसरट धार, आणि काळे नॉझल कमी दाबाने साबण सोडण्यासाठी.

पाण्याची बाजू

पंपाचे आयुष्य इंजिनापेक्षा पाण्यावर अधिक अवलंबून असते. पंपाला जितके पाणी बाहेर टाकावयाचे आहे त्याहून थोडे अधिक पाणी आत येत राहिले पाहिजे. याची परीक्षा बादली व घड्याळ यांनी होते. वरील यंत्रासाठी २० लिटरची बादली नळीने दोन मिनिटांच्या आत भरलीच पाहिजे. पाणी अपुरे पडले की पंपात पोकळी उत्पन्न होते, धार धक्के देऊ लागते, खडखड असा आवाज येतो आणि सील व झडपा झिजू लागतात.

भारतात बहुधा नळाऐवजी टाकीतून पाणी घ्यावे लागते. पाच मीटर उंचीवरील टाकी जेमतेम अर्धा बार दाब देते. म्हणून तेथून येणारी नळी रुंद, आखूड व न पिचकणारी हवी. दुसरी अडचण उन्हाची. पुष्कळ लहान पंपांना ४० अंश सेल्सिअसपर्यंतचेच पाणी मानवते. विदर्भ, राजस्थान किंवा तेलंगणातील मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी ही मर्यादा सहज ओलांडते. अशा वेळी काम सकाळी करावे किंवा टाकीला सावली करावी. विहिरीच्या अथवा बोअरच्या पाण्यात वाळू असते, म्हणून आत येणाऱ्या तोंडावरील जाळी दररोज धुवावी. फाटलेली जाळी फेकून देऊन तिच्याविना यंत्र चालविणे हा काटकसरीचा सर्वांत महाग प्रकार होय.

चाप सोडला की धार थांबते. इंजिन मात्र फिरतच असते. त्या वेळी अनलोडर नावाची झडप पाणी पंपाच्या आतच गोल फिरविते. तेच ओंजळभर पाणी पुन्हा पुन्हा घुसळले जाऊन काही मिनिटांतच तापते. पुष्कळ पंपांत पाणी सुमारे ६० अंशांवर गेले की उघडणारी एक सुरक्षा-झडप असते. पण तिच्या भरवशावर राहू नये. हातातले काम दोन-तीन मिनिटांहून अधिक काळ थांबणार असेल तर इंजिन बंद करावे. अनलोडरची स्प्रिंग आवळून दाब वाढविण्याचा मोहही टाळावा. झिजलेल्या नॉझलचा दोष त्याने झाकला जातो आणि नवे नॉझल लावताच दाब मर्यादेपलीकडे जातो.

इंजिनाची बाजू

इंजिनाची निगा मोटारसायकलीच्या इंजिनाहून फारशी वेगळी नाही. नव्या इंजिनातील पहिले ऑइल पाच ते वीस तासांच्या कामानंतर, व पुढे दर ५० ते १०० तासांनी, यंत्रासोबतच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बदलावे. धुळीच्या जागी एअर फिल्टर रोज झटकावा. मोठ्या पंपांना स्वतःचे वेगळे ऑइल असते. ते प्रथम सुमारे ५० तासांनी व नंतर सुमारे ५०० तासांनी बदलतात. हे ऑइल दुधाळ दिसू लागले तर आतील सीलमधून पाणी शिरत आहे असे समजावे.

सर्वाधिक त्रास मात्र न वापरलेल्या पेट्रोलचा होतो. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल काही आठवड्यांत उडून जाते व मागे चिकट थर ठेवते. केसाएवढ्या बारीक जेटमध्ये तो थर बसला की इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन धापा टाकते. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, म्हणून पावसाळ्यात ही अडचण वाढते. लहान इंजिनांच्या अनेक पुस्तिका दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासच संमती देतात. यास्तव खरेदीच्या वेळीच याविषयी विचारावे. काम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवणे, एवढ्या सवयीने अर्ध्या तक्रारी टळतात. त्या वेळी पंपातून पाणी वाहते ठेवण्यास मात्र विसरू नये.

दोष शोधण्याचा क्रम

दुरुस्तीचे रहस्य हत्यारांत नसून क्रमात असते. दोरी ओढवत नसेल तर इंजिन जाम झाले असे लगेच मानू नये. पंपात अडकलेला दाब हे त्याचे नेहमीचे कारण असते. चाप दाबून तो सोडावा व मग दोरी ओढावी. दोरी फिरते पण इंजिन पेटत नसेल तर ऑइलची पातळी, ताजे पेट्रोल, प्लगची ठिणगी आणि एअर फिल्टर या क्रमाने पाहावे. काही इंजिनांत ऑइल कमी असता ठिणगीच बंद होते, म्हणून ऑइलला पहिला मान.

इंजिन नीट चालूनही दाब नसेल तर इंजिन बंद करून, दाब सोडून नॉझल काढावे व पुन्हा सुरू करून पाणी बादलीत मोजावे. पूर्ण माप मिळाले तर पंप निरोगी आहे. दोष नॉझलचा अथवा अनलोडरचा. माप कमी भरले तर आधी येणारे पाणी, जाळी, सैल जोडातून शिरणारी हवा तपासावी; एवढे करूनच पंपाच्या झडपा व सील यांकडे वळावे. झडपेत अडकलेला वाळूचा एक कणही दाब अर्ध्यावर आणू शकतो.

दोन धोके

जी धार दगडावरचे शेवाळ खरवडते तिला माणसाची त्वचा म्हणजे काहीच नव्हे. बोटाला लागलेल्या धारेची जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, रक्तही फारसे येत नाही. परंतु पाणी, साबण आणि घाण ऊतींत खोलवर शिरलेली असते. अशी जखम पट्टी बांधून झाकण्याची नव्हे. ताबडतोब रुग्णालयात जावे आणि ‘उच्च दाबाच्या धारेची जखम’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. विलंबाने बोट वा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. नॉझल बदलताना इंजिन बंद, चाप दाबून दाब सोडलेला, हा नियम म्हणूनच अपवादरहित असावा. गळणारी नळी हाताने चाचपू नये.

दुसरा धोका अदृश्य आहे. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. बंद शेडमध्ये किंवा तळघरात, दार उघडे ठेवूनही, इंजिन चालवू नये. यंत्र बाहेर ठेवून लांब नळी आत न्यावी.

हंगाम संपल्यावर पंपातील पाणी काढून टाकावे. काश्मीर, लडाख, सिमला अशा भागांत हे अत्यावश्यक होय. गोठताना पाणी आकारमानाने सुमारे नऊ टक्के वाढते व पंपाचे पितळी डोके फोडते. क्षारयुक्त पाण्याच्या प्रदेशात गोठण्याचे भय नसले तरी सुकलेले क्षार झडपांना चिकटवितात. यंत्राला एक लहान वही बांधून ठेवावी आणि तीत कामाचे तास, बदललेले ऑइल व नॉझल यांची नोंद करावी. भाड्याने यंत्र देणाऱ्याला तर ती वही हिशेबाइतकीच महत्त्वाची आहे, कारण यंत्र अनेक हातांत फिरते आणि आधीच्या हाताने काय केले ते पुढच्या हाताला केवळ तीतूनच कळते.