भिंगपट्टीमागील चित्र : लेंटिक्युलर कलेतील खोली व गती यांचा आभास

प्रस्तावना

मलकापूरहून रेल्वेने शेगावी दर्शनास जाणारा भाविक परतताना प्रसादाबरोबर बहुधा एखादी तसबीरही आणतो. तीर्थक्षेत्रीच्या दुकानांतील अशा तसबिरींत एक प्रकार धारीदार प्लास्टिकचा असतो. तो किंचित कलता केला की एका देवतेच्या जागी दुसरी प्रकट होते, अथवा मूर्ती प्रभावळीच्या पुढे उभी असल्याचे भासते. सर्वसामान्य ग्राहक त्यास ‘थ्रीडी फोटो’ म्हणतो. सुशिक्षित मंडळी पुष्कळदा ‘होलोग्राम’ म्हणतात, आणि येथे सुशिक्षितांचीच चूक अधिक मोठी आहे. होलोग्राममध्ये लेझर प्रकाशाच्या व्यतिकरणाची नोंद असते. या तसबिरीत मात्र छापखान्यातील साधी शाई आणि प्लास्टिकची भिंगे यांव्यतिरिक्त काहीही नसते. एवढ्याच सामग्रीतून खोली व गती हे दोन भिन्न आभास कसे निर्माण होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

रचना

चित्राच्या पृष्ठभागावरून नख आडवे फिरविल्यास बारीक उंचवटे लागतात. प्रत्येक उंचवटा म्हणजे चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले, दंडगोलाच्या कापासारखे बहिर्वक्र भिंग होय. पत्र्याची जाडी अशी ठेवलेली असते की भिंगाची नाभी नेमकी मागील सपाट बाजूवर, म्हणजे छपाईवर पडावी. त्यामुळे एका दिशेने पाहणाऱ्या डोळ्यास भिंगाखालची एकच अरुंद पट्टी दिसते, आणि ती भिंगाची संपूर्ण रुंदी व्यापते.

हातात धरावयाच्या चित्रात इंचास ७५ भिंगे असतील, तर एका भिंगाची रुंदी सुमारे ०.३४ मिलिमीटर येते. त्याखाली बारा चित्रांच्या पट्ट्या बसवावयाच्या झाल्यास प्रत्येकीच्या वाट्यास जेमतेम ०.०२८ मिलिमीटर येतो. छपाई आणि भिंगे यांच्या अंतरांत अल्पसा जरी फरक पडला, तरी एका चित्राची पुसट छाया दुसऱ्यात उतरते. स्वस्त तसबिरींत गायब झालेली देवता फिकट रूपाने मागे रेंगाळते, ती याच कारणाने.

खोलीचा आभास

मनुष्याच्या दोन डोळ्यांत सरासरी साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. ३० सेंटिमीटरवरील वस्तूकडे ते पाहतात, तेव्हा त्यांच्या दृष्टिरेषांत सुमारे १२ अंशांचा कोन होतो. भिंगे उभी असतील आणि वरील बारा चित्रे ५० अंशांच्या कक्षेत पसरलेली असतील, तर प्रत्येक चित्रास सुमारे ४ अंश मिळतात. अर्थात डाव्या डोळ्यास एक आणि उजव्या डोळ्यास त्यापुढील तिसरे चित्र दिसते. ही चित्रे किंचित निरनिराळ्या स्थानांवरून घेतलेली असल्यामुळे मेंदू त्यांतील फरकाचा अर्थ ‘खोली’ असा लावतो. हेच चित्र दोन मीटरवर टांगले, तर तो कोन २ अंशांहूनही कमी होतो. दोन्ही डोळ्यांस पुष्कळदा एकच चित्र मिळते आणि देव पुन्हा सपाट होतात. म्हणून भिंतीवरील मोठ्या फलकासाठी निराळ्या भिंगांचा पत्रा लागतो.

दोन डोळ्यांस दोन चित्रे देण्याचे हे तत्त्व या परिसरास नवीन नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तेथे कार्यरत होते. त्यांच्या बहुतेक रंगीत प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. परंतु तत्पूर्वी, १८६४ मध्ये, पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांची त्यांनी घेतलेली शंभर जोडछायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या वर्णनासह प्रसिद्ध झाली होती. ती स्टिरिओस्कोपमधून पाहिली असता खोलीसह दिसत. मलकापूरच्या पश्चिमेस याच लोहमार्गावर असलेल्या भुसावळ येथे गिल यांचे दफन झाले. त्यांच्या काळात मात्र प्रेक्षकास यंत्र डोळ्यांशी धरावे लागे, आणि एका वेळी एकालाच पाहता येई. फ्रेडरिक आइव्ह्ज यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी रेघांच्या जाळीने, तर गॅब्रिएल लिपमन यांनी १९०८ मध्ये सूक्ष्म भिंगांच्या कल्पनेने हे यंत्र डोळ्यांवरून काढून चित्रावरच चिकटविण्याचा मार्ग दाखविला.

गतीचा आभास

भिंगे आडवी ठेवली की परिस्थिती पालटते. दोन्ही डोळे एकाच पातळीवर असल्यामुळे त्यांना एकच चित्र दिसते, आणि पत्रा वर-खाली कलविल्यावर ते दोघांनाही एकदमच बदलते. क्रमवार अवस्था छापलेल्या असतील तर मेंदू त्यांतील रिकाम्या जागा भरून काढतो. चित्रपटातही हेच घडते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ चित्रित करताना रोपट्याच्या सुट्या अवस्थाच टिपल्या होत्या. तेथे वेग यंत्र ठरविते. येथे तो पाहणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असतो, आणि अंकुर पुन्हा बीजातही नेता येतो.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील बुद्धमूर्तीवर निरनिराळ्या बाजूंनी प्रकाश टाकला असता मुखावरील भाव बदलतात, असे मार्गदर्शक दाखवीत आले आहेत. तिची लेंटिक्युलर चित्राशी तुलना करण्याचा मोह होतो. परंतु तेथे दगड तोच राहून सावल्या सरकतात, येथे मुळात चित्रेच अनेक असतात.

खोली आणि गती ही वर स्वतंत्र मांडली असली, तरी त्यांचे नाते निकटचे आहे. उभ्या भिंगांचे चित्र एक डोळा मिटून पाहिल्यास खोली बव्हंशी नाहीशी होते. मात्र तसेच डोके डावी-उजवीकडे हलविल्यास पुढील मूर्ती मागील प्रभावळीवरून सरकते आणि खोली पुन्हा जाणवू लागते. यालाच पराशय म्हणतात. एकाच डोळ्याने पाहू शकणाऱ्या अथवा तिरळेपणामुळे दोन्ही प्रतिमांचा मेळ न बसणाऱ्या विद्यार्थ्यास हे चित्र ‘दिसत नाही’ असे गृहीत धरणे त्यामुळे चुकीचे ठरते. त्यास स्थिर बसवून न ठेवता हलू देणे एवढेच आवश्यक असते. पदार्थविज्ञान व मानसशास्त्र या दोन्ही विभागांस हा प्रयोग वीस-तीस रुपयांच्या तसबिरीवर करता येण्याजोगा आहे.

नोंदीचा प्रश्न

लोककला व तीर्थक्षेत्रीय वस्तू यांचा संग्रह करणाऱ्यांपुढे मात्र एक अडचण उभी राहते. अशा चित्राचे एकच छायाचित्र काढले, तर हाती येते ती अनेकांपैकी एकच प्रतिमा, तीही क्वचित दोहोंची सरमिसळ. संग्रहपत्रिकेत किमान डावीकडून, समोरून व उजवीकडून अशी तीन छायाचित्रे, आडव्या भिंगांच्या बाबतीत वरून, समोरून व खालून, आणि सोबत भिंगांची दिशा, त्यांची दर इंचातील संख्या व पाहण्याचे अंतर यांची नोंद असावी.