पळसाच्या पंगतीला भोरडी

धार जिल्ह्यातील सरदारपूरचे नाव पक्षिमित्रांच्या तोंडी येते ते खरमोरामुळे. त्या दुर्मिळ पक्ष्यासाठी येथील गवताळ माळांवर १९८३ साली अभयारण्य झाले. परंतु माळव्याच्या या मुलखात आणखी एक पाहुणी येते आणि तिची भोजनाची तऱ्हा मोठी न्यारी आहे. ती म्हणजे भोरडी, हिंदीत तिलयर. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख, साळुंकीच्याच कुळातली.

मध्य आशियात पिल्ले वाढवून भोरड्या जुलै-ऑगस्टपासून भारतात येऊ लागतात. ज्वारी हुरड्यात आली की थवेच्या थवे कणसांवर उतरतात. शेतकऱ्याने गोफण उचलावी यात नवल ते काय? माळावर किडे टिपताना मागचे पक्षी पुढच्यांच्या डोक्यांवरून उडून आघाडीला उतरतात आणि सारा थवा लाटेसारखा सरकत जातो.

फाल्गुनात पळस व काटेसावर फुलली की दाणे आणि किडे खाणारी हीच भोरडी मधुपानास बसते. शिंजिराची लांब, बाकदार चोच तिच्यापाशी नाही. ती फुलात तोंडच खुपसते. कपाळाला माखलेले पराग दुसऱ्या फुलाला लागतात आणि वृक्षाचे काम होते. ‘पळसमैना’ हे तिचे दुसरे नाव किती सार्थ! फुले आणि पक्षी यांच्या अशा देवघेवीवर सलीम अली यांनी १९३२ सालीच विस्ताराने लिहिले होते.

एप्रिलच्या सुमारास भोरड्या परततात. तिकडे विणीच्या काळात त्यांचा मुख्य आहार टोळ व नाकतोडे. म्हणूनच चीनच्या शिनजियांग प्रांतात त्यांनी वस्ती करावी यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. आमच्या शेतातली चोर ती तिकडची राखणदार!

माळव्यात खरिपाच्या ज्वारीची जागा आता बव्हंशी सोयाबीनने घेतली आहे. कणसे गेली, उद्या माळ नांगरले गेले आणि बांधावरचे पळसही तुटले, तर या पाहुणीने कोणत्या पंगतीला बसावे? ज्वारीच्या चार दाण्यांवरून तिची पारख करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. येत्या फाल्गुनात मुलाबाळांना घेऊन सकाळच्या प्रहरी एखाद्या फुललेल्या पळसाखाली अवश्य जावे. परागाने माखलेले ते इवलेसे कपाळ पाहिले की बांधावरचा पळस तोडताना हात थबकेल.