अ‍ॅप बंद पडले, यंत्र नव्हे

मंचरहून भीमाशंकरकडे जाताना डिंभे लागते. येथील धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याचे नाव मात्र आंबेगावच राहिले, कारभार घोडेगावहून चालतो. मागे आम्ही येथील एका दुरुस्तीच्या दुकानात बसलो असता एक वयस्कर गृहस्थ पिशवीतून एक डबा घेऊन आले. वायफायवर गाणी वाजवणारा तो स्ट्रीमर मुंबईच्या मुलाने घेऊन दिला होता.

"दिवा लागतो, गाणे लागत नाही. कंपनीने अ‍ॅप बंद केले म्हणे. भंगारात काय येईल?"

कारागीर म्हणाले, "चाचा, भंगाराचे मागाहून बोलू. आधी सांगा, रिसेटचे बटण तर दाबले नाही ना?"

"नाही बाबा."

"मग बरे झाले. आता घरच्या वायफायचे नाव आणि पासवर्ड सांगा."

कारागिरांनी एका मोबाइलचा हॉटस्पॉट त्याच नावाने, त्याच पासवर्डने सुरू केला. यंत्राला वाटले आपण घरीच आहोत. ते आपोआप जोडले गेले. दुसऱ्या मोबाइलवर 'डीएलएनए' यंत्रे शोधणारे अ‍ॅप उघडताच त्यात या डब्याचे नाव दिसले. थोड्याच वेळात चाचांच्या मोबाइलमधून घेतलेली कव्वाली दुकानात घुमू लागली.

यात जादू काहीच नाही. स्ट्रीमरमध्ये दोन गोष्टी असतात. एक, आवाज काढणारे यंत्र. दुसरी, त्याला हुकूम देणारी व्यवस्था. ही व्यवस्था मोबाइलच्या अ‍ॅपमधून आणि पुष्कळदा कंपनीच्या सर्व्हरमधून चालते. कंपनीने हात काढून घेतला की हुकूम थांबतो, यंत्र मरत नाही.

जगातील उदाहरणे पाहा. लॉजिटेक कंपनीने 'स्क्वीझबॉक्स' हे यंत्र २०१२ साली बंद केले आणि त्याची इंटरनेट सेवा २०२४ साली थांबवली. परंतु त्याचा सर्व्हर प्रोग्राम सर्वांसाठी खुला होता. 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नावाने हौशी जाणकार तो आजही चालवतात आणि जुनी यंत्रे त्यावर गातात. बोस कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये 'साउंडटच' यंत्रांची क्लाउड सेवा बंद करण्याचे जाहीर केले. गिऱ्हाइकांची नाराजी पाहून पुढे मुदत ६ मे २०२६ पर्यंत वाढवली आणि यंत्राशी बोलण्याची तांत्रिक माहितीही खुली केली. गिऱ्हाइकांनी एकमुखाने मागितले तर कंपन्या ऐकतात, हे यावरून दिसते.

तेव्हा असे यंत्र दुकानात आले तर कारागीर बंधूंनी पुढील क्रम ठेवावा.

पहिली गोष्ट, रिसेट करू नये. मार्च २०२५ मध्ये गुगलचे 'क्रोमकास्ट ऑडिओ' एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जगभर अडले. त्या वेळी खुद्द कंपनीनेच रिसेट न करण्यास सांगितले होते. रिसेटने वायफायची ओळख पुसली जाते आणि अ‍ॅप नसेल तर ती पुन्हा देणे कठीण होते. याच कारणाने गिऱ्हाइकाने राउटर बदलला, तर नव्या राउटरला जुनेच नाव व पासवर्ड द्यावा.

दुसरी, ज्या मोबाइलमध्ये जुने अ‍ॅप चालू आहे त्यातून ते काढू नये व आपोआप होणारे अपडेट बंद ठेवावे. कंपनीने सर्व्हर चालू ठेवला असेल, तर असा एखादा जुना मोबाइल रिमोट म्हणून पुढेही कामी येतो.

तिसरी, दुसरे दरवाजे ठोठवावेत. ब्लूटूथ, एअरप्ले, डीएलएनए यांपैकी एखादा बहुधा उघडा असतो. डीएलएनए असेल तर 'बबल यूपीएनपी' सारखे अ‍ॅप हुकूम देऊ शकते. गाणी मोबाइलमध्ये किंवा घरच्या संगणकात असतील तर नेटचीही गरज नाही. राउटर चालू असला की पुरे. जेथे नेटचा भरवसा नाही तेथे ही मोठीच सोय आहे.

चौथी, काहीच जमले नाही आणि यंत्राला स्वतःचा स्पीकर व ऑक्सची जागा असेल, तर वायर लावून किंवा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडून त्याचा साधा स्पीकर करावा.

एक सावधगिरी हवी. कोठूनही उतरवलेले अनोळखी अ‍ॅप गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये घालू नये. सुधारणा न मिळणारे यंत्र, जमल्यास, बँकेचे व्यवहार होतात त्या वायफायपासून वेगळे ठेवावे.

जुना माल विकणाऱ्या व्यापारी बंधूंना आमचे सांगणे असे की, यंत्राचे काय चालते आणि काय चालत नाही हे आधी तपासावे, गिऱ्हाइकाला सांगावे आणि बिलावर लिहून द्यावे. अ‍ॅप बंद आहे हे लपवून विकलेला माल दुसऱ्या दिवशी परत येतो आणि सोबत दुकानाचे नाव घेऊन जातो. नवा माल भरतानाही कंपनीच्या माणसाला एक प्रश्न अवश्य विचारावा: तुमचा सर्व्हर उद्या बंद झाला तर हा डबा काय करील?

डिंभ्याच्या कारागिरांनी त्या दिवशी फक्त मजुरी घेतली. चाचांनी डबा पिशवीत घातला आणि वायफायचे नाव-पासवर्ड कागदावर लिहून मागितले. तो कागद त्यांनी जपून खिशात ठेवला.